शुद्धिस्थान, क्षमापत्रे आणि बाप्तिस्म्याचा शिक्का : सिद्धांत सत्तेसाठी रचले गेले का?

आपण विचारले आहे की शुद्धिस्थान, पापांची क्षमा, बाप्तिस्मा, पोपचा अधिकार यांसारखे ख्रिस्ती सिद्धांत चर्चने स्वतःची सत्ता टिकवण्यासाठी आणि तिजोरी भरण्यासाठीच रचले का, आणि तसे असेल तर ते खोटे ठरत नाहीत का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून आपोआप निघत नाही, म्हणून तो मी शेवटाकडे घेईन. मध्ययुगीन युरोपचा इतिहास मी पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षे शिकवला आहे, आणि पोपची आज्ञापत्रे, धर्मसभांचे ठराव, वर्गणीचे हिशेब असले कागद वाचण्यात माझा बहुतेक काळ गेला आहे. तेव्हा हे उत्तर कागदपत्रे वाचणाऱ्या माणसाचे आहे. धर्मोपदेशकाचेही नाही आणि धर्मविरोधकाचेही नाही.

वर्गात हा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास येत. काहींच्या मते सगळेच पाद्र्यांनी रचलेले थोतांड होते, तर काहींच्या मते सिद्धांत निर्मळ होते आणि मधल्या काळात काही लोभी माणसांनी त्यांचा गैरवापर केला. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात, कारण कागदपत्रांत दिसते ते वेगळेच. सिद्धांत बहुधा सत्तेच्या दालनाबाहेर जन्माला येतो. कोणाच्या तरी शोकातून, एखाद्या भांडणातून किंवा चुकलेल्या माणसाचे करायचे काय, या अडचणीतून तो येतो. पुढे केव्हातरी त्याला कारभारी मिळतो. म्हणजे त्या सिद्धांताचा लाभ कोणाला द्यायचा, कोणाला नाकारायचा, त्याची नोंद कोणी ठेवायची आणि त्यासाठी काय घ्यायचे, हे ठरवणारी एक यंत्रणा उभी राहते. सत्ता शिरते ती या दारातून. म्हणून एखादा सिद्धांत कोणी रचला यापेक्षा त्याचा कारभार कधी आणि कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो.

बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगितले पाहिजे. आपण कोणत्या चर्चबद्दल बोलत आहोत? रोमचे कॅथलिक चर्च, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चेस, राजाला प्रमुख मानणारे इंग्लंडचे चर्च आणि छळ सोसत लपून राहिलेले छोटे पंथ यांच्या सत्तेचा आकार एकसारखा नाही. काळ कोणता, यानेही फरक पडतो. तिसऱ्या शतकातील बिशप स्वतःच तुरुंगात असे, तेराव्या शतकातील पोप राजांना पदच्युत करू पाहत असे. शिवाय सिद्धांत आणि शिस्तीचा नियम यांत गल्लत होता कामा नये. धर्मगुरूंनी अविवाहित राहावे हा नियम चर्चच्या जमिनी मुलाबाळांत वाटल्या जाऊ नयेत म्हणून आला, असे नेहमी म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहेच. १०२२ मध्ये पाविया येथील सभेत चर्चच्या मालमत्तेची ही चिंता उघडपणे बोलून दाखवली गेली होती. पण तो शिस्तीचा नियम आहे. पूर्वेकडे विवाहित पुरुषांना आजही धर्मगुरू होता येते, आणि रोमनेही त्याला कधी श्रद्धेचा भाग म्हटलेले नाही. खाली मी जे लिहितो ते मुख्यतः पश्चिमेच्या लॅटिन चर्चबद्दल आहे, आणि निवडलेली उदाहरणे खऱ्या अर्थाने सिद्धांतांची आहेत.

पहिले उदाहरण शुद्धिस्थानाचे, म्हणजे पर्गेटरीचे. मृत्यूनंतर जे आत्मे नरकात जात नाहीत पण स्वर्गासाठी पुरेसे शुद्धही नसतात, त्यांच्या शुद्धीची ही अवस्था. आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्यांना मदत होते, असा तो विश्वास. याची सुरुवात शोधत मागे गेले की आपण पोपच्या दरबारात पोहोचत नाही, कार्थेजच्या तुरुंगात पोहोचतो. इ. स. २०३ मध्ये पर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री तेथे मृत्युदंडाची वाट पाहत होती. तुरुंगातील तिच्या टिपणांत तिने एक स्वप्न नोंदवले आहे. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातिस सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या व्रणाने दगावला होता. स्वप्नात तो तहानेने व्याकूळ झालेला दिसतो. समोर पाण्याचे कुंड आहे, पण त्याचा काठ मुलाच्या उंचीपेक्षा वर आहे. ती त्याच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करते, आणि पुढच्या स्वप्नात काठ खाली आलेला असतो, मुलगा पाणी पितो आणि खेळायला पळून जातो. येथे पैसा नाही, धर्मगुरू नाही, सत्ता तर नाहीच. सत्ता होती ती तिला रिंगणात श्वापदांपुढे टाकणाऱ्या रोमन अधिकाऱ्याकडे. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा त्या काळी लॅटिन आफ्रिकेत रुळलेली होती, आणि पुढे उत्तर आफ्रिकेतील बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीननेही ३८७ मध्ये वारलेल्या आपल्या आईसाठी अशीच प्रार्थना लिहून ठेवली. हे सगळे चर्चने लोकांकडून पैसे काढण्यासाठी योजले, असे म्हणायला कागदपत्रांत आधार नाही.

मग कारभारी केव्हा आला? त्यासाठी दुसरा एक धागा पाहावा लागतो. पापाची कबुली दिल्यावर दोष माफ होतो, पण त्याबद्दलची शिक्षा किंवा प्रायश्चित्त उरते, अशी लॅटिन चर्चची शिकवण होती. आणि हे उरलेले प्रायश्चित्त कमी करण्याचा अधिकार बिशप व पोप वापरत. आपली शालेय पुस्तके ज्यांना पापमुक्तीची पत्रे म्हणतात, त्या क्षमापत्रांचा सैद्धांतिक दावा पाप पुसण्याचा नव्हता, ही उरलेली शिक्षा माफ करण्याचा होता. १०९५ मध्ये क्लेरमाँच्या सभेत पोप दुसऱ्या अर्बनने ठराव केला की जो मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे तर केवळ भक्तीने जेरुसलेमला जाईल, त्याचा तो प्रवासच त्याचे संपूर्ण प्रायश्चित्त मानला जाईल. येथे आपल्याला पहिला स्पष्ट राजकीय उपयोग दिसतो, कारण माफीच्या बदल्यात पोपला सैन्य मिळत होते. तरीही १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने या सवलतींना लगाम घातला: नव्या चर्चच्या प्रतिष्ठापनेला जास्तीत जास्त एक वर्षाची माफी आणि इतर प्रसंगी चाळीस दिवसांची. यंत्रणा फोफावत होती आणि तिच्यातलीच माणसे तिला आवरू पाहत होती, हे चित्र पुढच्या तीन शतकांत पुन्हा पुन्हा दिसते.

१२७४ च्या लियोंच्या सभेत शुद्धीची ही अवस्था अधिकृत शब्दांत मांडली गेली. १३०० मध्ये आठव्या बोनिफासने रोममध्ये ज्युबिली वर्ष, म्हणजे रोमच्या यात्रेकरूंना संपूर्ण माफी देणारे वर्ष, जाहीर केले. १३४३ मध्ये सहाव्या क्लेमेंटने आज्ञापत्र काढून सांगितले की ख्रिस्ताचे आणि संतांचे पुण्य म्हणजे एक अक्षय भांडार असून ते वाटण्याचा अधिकार पेत्राच्या वारसांकडे, म्हणजे पोपकडे आहे. माझ्या मते खरा सांधा येथे आहे. पर्पेतुआच्या स्वप्नात प्रार्थना थेट देवाकडे जाते. १३४३ नंतर मधे एक कोठार आले आणि कोठाराला कुलूप आले. आणि १४७६ मध्ये चौथ्या सिक्स्तसने फ्रान्समधील सेंत येथील कॅथीड्रलच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या पत्रात हा लाभ मृतांच्या आत्म्यांनाही मिळवून देता येईल असे म्हटले, तेव्हा दोन्ही धागे एकत्र आले. आता ज्याचा बाप किंवा मूल गेले आहे असा प्रत्येक माणूस संभाव्य देणगीदार झाला.

कागदच पाहायचा असेल तर माइन्त्समध्ये छापलेली १४५४–५५ ची क्षमापत्रे पाहावीत. सुट्या खिळ्यांनी छापलेले, तारीख असलेले युरोपातील सर्वांत जुने कागद ते हेच. कॉन्स्टँटिनोपल पडून वर्षच झाले होते आणि तुर्कांविरुद्ध सायप्रसला मदत म्हणून पाचव्या निकोलसने ही माफी दिली होती. चर्मपत्राचा एकच ताव, त्यावर एकतीस ओळींचा मजकूर, आणि मजकुरात मधेच मोकळ्या जागा: एक घेणाऱ्याच्या नावासाठी, एक ठिकाणासाठी, एक तारखेसाठी. त्या जागा नंतर शाईने हाताने भरल्या आहेत. बायबलची छपाई त्याच गावात त्याच सुमारास चालू होती. विद्यार्थ्यांना मी हे पत्र मुद्दाम दाखवत असे, कारण सिद्धांताचे छापील अर्जात रूपांतर होणे म्हणजे काय, हे त्या मोकळ्या जागा एका नजरेत सांगतात.

शेवटचा टप्पा प्रसिद्ध आहे, पण त्यातील हिशेब सहसा सांगितला जात नाही. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातील आल्ब्रेख्त हा १५१४ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, माइन्त्सचा आर्चबिशप झाला. त्याच्याकडे माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीच होते, वयही नियमात बसत नव्हते, आणि या सवलतींसाठी रोमला मोठी रक्कम द्यायची होती. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज सुमारे २९,००० गुल्डेनचे, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचे, होते. ते फेडता यावे म्हणून दहाव्या लिओने १५१५ मध्ये रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामासाठीची क्षमापत्रे त्याच्या मुलखात विकायची परवानगी दिली. जमा रकमेतला अर्धा भाग रोमला जायचा आणि अर्धा कर्जफेडीला. आल्ब्रेख्तच्या नावाने विक्रेत्यांना दिलेल्या सूचनापत्रात दर ठरवून दिले आहेत: राजे आणि आर्चबिशप यांना पंचवीस गुल्डेन, मठाधिपती व सरदारांना दहा, व्यापाऱ्यांना तीन, कारागिरांना एक, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करावेत, कारण स्वर्गाचे राज्य श्रीमंतांइतकेच गरिबांसाठीही खुले असले पाहिजे. हे शेवटचे कलम वाचून विद्यार्थी हसत. पण ते ढोंग म्हणून लिहिलेले नसावे, असे मला वाटते. ढळढळीत लबाडी दिसते ती दुसऱ्या कलमात. स्वतःसाठी माफी घेणाऱ्याने पश्चात्ताप आणि पापकबुली करणे आवश्यक होते. मृतांच्या आत्म्यांसाठी घेणाऱ्याने मात्र फक्त पेटीत पैसे टाकले तरी पुरे, असे सूचनापत्र सांगते. तीन शतकांच्या विवेचनातील सगळ्या अटी गळून येथे पेटी तेवढी उरली होती.

विटेनबर्गचा धर्मशास्त्राचा प्राध्यापक मार्टिन लूथर याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पंच्याण्णव मुद्दे मांडले ते याच विक्रीविरुद्ध. त्यातील ब्याऐंशीवा मुद्दा मला सर्वांत भेदक वाटतो: पोप जर चर्च बांधायच्या पैशासाठी असंख्य आत्म्यांना सोडवू शकतो, तर प्रेमापोटी तो सगळे शुद्धिस्थानच रिकामे का करत नाही? हे सामान्य लोक विचारतात आणि त्यांना उत्तर देणे कठीण जाते, असे लूथर लिहितो. म्हणजे आज आपल्याला पडलेली शंका तेव्हाच्या साध्या श्रद्धाळू माणसालाही पडत होती. लोकांना काही कळत नव्हते म्हणून पाद्र्यांचे फावले, हा आपला आवडता समज येथे टिकत नाही.

पण गोष्ट येथे थांबवली तर ती एकतर्फी होईल. लूथरचा संरक्षक, सॅक्सनीचा फ्रेडरिक, याने ही विक्री आपल्या मुलखात होऊ दिली नव्हती. त्यामागे धर्मनिष्ठेपेक्षा पैसा बाहेर जाऊ नये आणि प्रतिस्पर्धी ब्रांडेनबुर्ग घराण्याचे फावू नये, हा विचार मोठा होता. त्याच्या स्वतःच्या विटेनबर्गच्या चर्चमध्ये संतांच्या हजारो अवशेषांचा संग्रह होता आणि त्यांच्या दर्शनालाही माफी जोडलेली होती. इंग्लंडमध्ये तर उलटाच प्रकार घडला. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, म्हणण्याकरिता लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी लावून दिल्या होत्या. १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या काळात कायदा झाला, त्याच्या प्रस्तावनेत शुद्धिस्थानाची कल्पना लोकांना भुलवणारी ठरवली गेली आणि त्या देणग्या राजाच्या खजिन्यात जमा झाल्या. शाळा आणि गरिबांचे नाव कायद्यात होते, प्रत्यक्षात बऱ्याच जमिनी विकल्या गेल्या. सिद्धांत मान्य करण्याने जशी एका सत्तेची सोय झाली, तशी तो नाकारण्याने दुसऱ्या सत्तेची झाली. यावरून सुधारणावादी अप्रामाणिक होते असे सिद्ध होत नाही. मात्र ‘फायदा कोणाला झाला’ एवढ्या एकाच कसोटीने सिद्धांताचा निकाल लावता येत नाही, हे नक्की कळते. रोमनेही पुढे आपले घर आवरले: ट्रेंटच्या सभेने १५६२ मध्ये पैसे गोळा करणाऱ्या विक्रेत्यांचे पद रद्द केले, १५६३ मध्ये शुद्धिस्थानाचा सिद्धांत कायम ठेवून त्यातील हिणकस कमाईला मनाई केली, आणि १५६७ मध्ये पाचव्या पायसने पैशाच्या बदल्यात दिलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या.

क्षमापत्रांचे उदाहरण सगळ्यांना माहीत असते. दुसरे उदाहरण कमी परिचित आहे, पण आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचलेले आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. कारण तेथे पैशापेक्षा माणसांवरचा ताबा हा विषय होता.

बाप्तिस्मा एकदाच होतो आणि त्याचा शिक्का पुसला जात नाही, हा तो सिद्धांत. तो पक्का झाला चौथ्या-पाचव्या शतकांत, उत्तर आफ्रिकेतल्या एका भांडणात. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी भीतीने पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. अशा भ्रष्ट माणसांनी दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, असे डोनॅटिस्ट नावाचा तेथील गट म्हणे. ऑगस्टीनचे उत्तर असे की बाप्तिस्मा देणारा कसाही असो, तो ख्रिस्ताचा असतो, म्हणून दुसऱ्यांदा द्यायची गरज नाही. सामान्य माणसाच्या बाजूने पाहिले तर हा दिलासा देणारा विचार आहे: पाद्री नालायक निघाला म्हणून आपले नुकसान होत नाही. पण ऑगस्टीनने उपमा दिली ती सैनिकाच्या अंगावर गोंदलेल्या खुणेची, आणि पळून गेलेल्या सैनिकाची खूण त्याला ओळखून परत आणायलाही उपयोगी पडते. डोनॅटिस्टांना राज्याच्या बळाने परत आणण्याचे समर्थनही पुढे त्यानेच केले. म्हणजे येथे दिलासा आणि जबरदस्ती यांचे बी एकाच माणसाच्या लेखनात सापडते.

त्यानंतरची साखळी फार स्वच्छ दिसते. स्पेनमध्ये सिसेबुत राजाने यहुद्यांना बळाने बाप्तिस्मा दिला होता. ६३३ मध्ये तोलेदोच्या चौथ्या सभेने ठरवले की असे बळ यापुढे वापरू नये. मात्र ज्यांना एकदा बाप्तिस्मा मिळाला आहे त्यांनी ख्रिस्ती राहिलेच पाहिजे. १२०१ मध्ये तिसऱ्या इनोसंटने आर्लच्या आर्चबिशपला लिहिले की धाकाने का होईना, ज्याने बाप्तिस्मा स्वीकारला त्याच्यावर शिक्का उमटतो. शेवटपर्यंत उघड नकार देणाऱ्यावर तेवढा उमटत नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या मानुएल राजाने आपल्या राज्यातील यहुद्यांना सामुदायिक बाप्तिस्मा दिला. सिद्धांताप्रमाणे ते आता ख्रिस्ती होते आणि घरात जुने सण पाळले तर ते पाखंडी ठरत होते. बाप्तिस्मा न झालेल्या यहुद्यावर धर्मन्यायालयाला पाखंडाचा खटला भरता येत नसे. झालेल्यावर भरता येई. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये असे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आले, आणि १५६० मध्ये गोव्यात.

गोव्यातील गार्सिया द ओर्ता हा या साखळीतील एक माणूस. ज्यांचे धर्मांतर करवले गेले होते अशा यहुदी कुटुंबात जन्मलेला हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ युरोपभर गाजला. तो १५६८ मध्ये वारला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. मेलेल्या माणसावरही अधिकार चालतो, हे त्या शिक्क्याच्या सिद्धांताचे टोक होते. पुढे खटले मुख्यतः स्थानिक ख्रिस्ती लोकांवर होऊ लागले. १७३६ च्या गोवा इन्क्विझिशनच्या फर्मानात धोतर, चोळी, लग्नातले विधी, घराशी तुळस लावणे यांना मनाई केलेली आढळते. एकदा बाप्तिस्मा झाला की अंगणातली तुळससुद्धा न्यायालयाच्या कक्षेत आली.

आता येथे थोडे थांबून पाहा. हे न्यायालय १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ मध्ये पोर्तुगालचा प्रधान मार्किश पोंबाल याच्या काळात बंद झाले, त्याच्या पाडावानंतर १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. या अडीचशे वर्षांत बाप्तिस्म्याचा सिद्धांत एका अक्षरानेही बदलला नव्हता. बदलत होते ते लिस्बनमधील राजकारण. पोर्तुगीज राजाला पोपकडून मिळालेल्या हक्कांमुळे पूर्वेकडील बिशपही राजाच्या पसंतीने नेमले जात, त्यामुळे चर्च आणि राज्य यांची सत्ता येथे वेगळी काढणेच कठीण आहे. सिद्धांताने दार उघडून ठेवले होते, हे खरे. त्या दारातून कोण केव्हा आत आले, याचे उत्तर मात्र राजवाड्याच्या दप्तरात सापडते.

सिद्धांत हत्यार म्हणून वापरता येतो, पण त्याची धार लोकांच्या विश्वासावर अवलंबून असते. १२०८ मध्ये तिसऱ्या इनोसंटने इंग्लंडमध्ये धर्मविधी बंद करवले. लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची पापकबुली एवढे सोडून चर्चची दारे मिटली. जॉन राजाने अखेर १२१३ मध्ये राज्य पोपचे मांडलिक म्हणून परत घेतले आणि वर्षाला एक हजार मार्क देण्याचे कबूल केले. हाच उपाय १६०६ मध्ये पोप पाचव्या पॉलने व्हेनिसवर करून पाहिला, तेव्हा तेथील सरकारने धर्मगुरूंना विधी चालू ठेवायचा हुकूम दिला, बहुतेकांनी तो पाळला आणि वर्षभरात बंदी मागे घ्यावी लागली. आठव्या बोनिफासने नोव्हेंबर १३०२ मध्ये जाहीर केले की तारणासाठी प्रत्येक मनुष्याने रोमच्या पोपच्या अधीन असणे आवश्यक आहे. चर्चच्या सत्तेचा याहून मोठा सैद्धांतिक दावा क्वचितच सापडेल. दहा महिन्यांनी फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी त्याला अनान्यी येथे त्याच्याच वाड्यात पकडले आणि सुटका झाल्यावर महिन्याभरात तो वारला.

आपल्या प्रश्नात पोपच्या अचूकतेचाही, म्हणजे श्रद्धेविषयी पोपने दिलेला अधिकृत निर्णय चुकू शकत नाही या सिद्धांताचाही, उल्लेख आहे, आणि ते सत्तेसाठी रचलेल्या सिद्धांताचे सर्वांत उघड उदाहरण असल्याचे आपण धरून चालला आहात. इतिहास येथे गमतीदार आहे. १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलसने फ्रान्सिस्कन साधूंच्या निर्धनतेला मान्यता दिली होती. बाविसाव्या जॉनने ती १३२२–२३ मध्ये मोडीत काढायला घेतली, तेव्हा साधूंच्या बाजूचे लोक म्हणू लागले की श्रद्धेच्या बाबतीत एका पोपने एकदा दिलेला निर्णय पुढच्या पोपला फिरवता येत नाही. म्हणजे पोपला अचूक मानण्याचा आग्रह पोपचे हात बांधण्यासाठी धरला जात होता, आणि १३२४ च्या आज्ञापत्रात तो धुडकावून लावणारा स्वतः पोप होता. याच जॉनने पुढे संतांना अंतिम न्यायापूर्वी देवदर्शन होत नाही असे मत प्रवचनांतून मांडले, त्याला पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला आणि १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्याला ते मागे घ्यावे लागले. अचूकतेचा सिद्धांत अधिकृत झाला १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन सभेत, ५३३ विरुद्ध २ मतांनी. विरोधी मताचे पन्नासहून अधिक बिशप मतदानाआधीच रोम सोडून गेले होते. दोनच महिन्यांनी, २० सप्टेंबरला, इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पोपचे हजार वर्षांचे राज्य संपले. जमीन हातची जात असताना अधिकार शब्दांत घट्ट करण्याची धडपड त्यात होती, असे मला वाटते. पण तसे असले तरी ती सत्ता गाजवण्यापेक्षा सत्ता गमावण्याच्या काळाची गोष्ट आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. एखाद्या शिकवणुकीचा उपयोग सत्तेने केला, यावरून ती खोटी ठरत नाही, आणि तिची सुरुवात तुरुंगातल्या एका शोकाकुल बहिणीच्या स्वप्नात झाली यावरून ती खरीही ठरत नाही. शुद्धिस्थान आहे की नाही, हे माइन्त्सच्या हिशेबावरून ठरवता येणार नाही. तो विचार वेगळ्या पुराव्यांनी आणि वेगळ्या शास्त्राने करावा लागतो, आणि तेथे इतिहासाच्या अभ्यासकाने आपली मर्यादा ओळखावी. इतिहास एवढे मात्र सांगू शकतो की शिकवणुकीचा कोणता भाग कारभाराच्या सोयीसाठी चिकटवला गेला होता. तो भाग काढूनही शिकवण उभी राहते का, हे त्या त्या चर्चने कधीकधी स्वतःच तपासले आहे. मृतांच्या स्मरणासाठी २ नोव्हेंबरला वसईत, मुंबईत, गोव्यात लोक कबरींवर फुले-मेणबत्त्या घेऊन जातात. १९६७ मध्ये सहाव्या पॉलने माफीतील दिवसांची आणि वर्षांची मोजदाद रद्द केली, त्याने त्या प्रार्थनेत काही उणे आले नाही. बाप्तिस्म्याचा शिक्का कॅथलिक चर्च आजही मानते. पण श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हे डिसेंबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने जाहीर केले.

आपल्याला स्वतः पडताळा घ्यायचा असेल, तर मोठमोठे इतिहास वाचण्याआधी १२१५ च्या लॅटरन सभेचा एकविसावा ठराव वाचा. तो जेमतेम पानभर आहे. समज येण्याच्या वयाला पोहोचलेल्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापकबुली द्यावी, न दिल्यास जिवंतपणी तिला चर्चमध्ये प्रवेश नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही, असे तो सांगतो. गावोगावच्या माणसांची मने वाचण्याची एवढी मोठी यंत्रणा त्या आधी युरोपात कोणाकडेही नव्हती. आणि त्याच ठरावात पुढे लिहिले आहे की धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावे, रोग्याची परिस्थिती विचारून मगच उपाय सांगावा. आणि कबुलीत कळलेले पाप ज्याने शब्दाने, खुणेने किंवा अन्य कशानेही फोडले, त्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात डांबावे.